उजव्या कुशीवर

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, की कुणाच्या तोंडून ऐकून पुढे ढकलत नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि तिचं शेवटचं टोक माझ्या स्वतःच्या पायाखाली आलेलं आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. ती खोटी असती तर सगळ्यात जास्त आनंद मला झाला असता.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

ट्युनिशियातलं सेर्सचं मैदान, मे महिना, चहूकडे पिकत आलेला गहू आणि डोक्यावर सूर्य. समुद्र तिथून खूप लांब. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या मैदानात शेतकी संशोधनाचं एक केंद्र आहे. माझी मावसबहीण विदाद तिथे ड्रोन उडवते. खेळ म्हणून नाही, तीच तिची नोकरी. शेताचे दोन भाग केलेत. एक ओलिताचा, त्याला पाणी मिळतं. दुसरा कोरडा, त्याला आकाशातून पडेल तेवढंच. दोन्हीकडे गव्हाच्या जातींचे लहान लहान वाफे आणि वाफ्यांच्या मधून खुरपून साफ ठेवलेल्या उघड्या वाटा. ज्या गव्हाच्या मुळाशी ओल असते तो उन्हातही गार राहतो. तहानलेला तापतो. ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो, त्याच्या चित्रात तापलेलं ते लाल आणि गार ते निळं दिसतं. कोरड्या बाजूला जो गहू त्यातल्या त्यात गार राहील, तो पुढच्या दुष्काळाचा गहू.

म्हणून उड्डाण नेमकं टळटळीत उन्हातच करायचं. आणि कोरड्या भागात कुणी तांब्याभर पाणी जरी ओतलं, तरी वर्षभराची मेहनत फुकट. विदाद त्या बाबतीत भलतीच कडक होती. शेताच्या रखवालदाराला, खमीसकाकांना, तिने एकदा तिथे चूळ भरताना पकडलं होतं. त्यावरून तिने म्हाताऱ्याला जे झापलं, ते अजून गावात सांगतात.

आमच्याकडे त्या वेळेला शेतात कुणी फिरकत नाही. लहानपणी मोठी माणसं आम्हाला भीती घालायची, भर दुपारी एक म्हातारी फिरते, उन्हात सापडलेली पोरं उचलून नेते. आम्ही सगळी चिडीचूप घरात पडून राहायचो.

एकटा रमझी बाहेर असायचा.

रमझी विदादचा पाठचा भाऊ. "मला नेलं तर म्हातारीच पस्तावेल," म्हणायचा. "माझं जेवण बघितलंय का तिने?"

मोठा झाल्यावर तो विदादच्याच हाताखाली लागला. बॅटऱ्या वाहायच्या, शेताच्या कोपऱ्यांवर काळ्या-पांढऱ्या खुणेच्या पाट्या मांडायच्या, ड्रोन उतरताना बकऱ्या हाकलायच्या. काम थोडं आणि टवाळी फार. ड्रोन कोरड्या भागावर आला की हा पठ्ठ्या वाटेत गोणपाट टाकून त्यावर उताणा पडायचा. हात पसरून, आभाळाकडे बघत. जमीन तव्यासारखी तापलेली असायची, तिच्यापुढे जिवंत माणूससुद्धा गार ठरतो. त्यामुळे विदादच्या लालभडक चित्रात मध्येच एक निळा माणूस उमटायचा.

"रमझी, ऊठ! माझं चित्र नासतंय!"

"नासत नाही, सुधारतंय. नुसता गहू काय बघत बसायचा? एक देखणा माणूस नको त्यात?"

"देखणा म्हणे! निळी काकडी दिसतोस."

"मग लोणचं घाल माझं."

त्याचा डावा पाय जरा बाहेर पडायचा. लहानपणी जैतुनाच्या झाडावरून पडला होता, हाड वाकडं जुळलं. चित्रातही ते दिसायचं. निळा माणूस आणि त्याचा एक बाहेर पडलेला पाय.

अशी ती दोघं. बाप लवकर गेलेला, आई मबरूकामावशी. घरात पैसा कमी होता, पण हसणं भरपूर होतं.

मग एका सप्टेंबरात रमझीने आईला सांगितलं, स्फाक्सला काम मिळालंय, जाऊन येतो.

काम कसलं! पलीकडे इटलीला जाणाऱ्या बोटीत जागा मिळाली होती. किनाऱ्यावरून त्याने फोन केला. मागे वारा आणि माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"उम्मी, रागावू नकोस. सकाळी पलीकडून फोन करतो."

तो फोन आलाच नाही.

ना बोट सापडली, ना एक माणूस. बोटीत किती जण होते तेही कुणी नक्की सांगेना. कुणी म्हणायचं आपल्याकडचीच पोरं होती, कुणी म्हणायचं पार वाळवंटापलीकडून आलेल्या बायका होत्या, लेकरं होती. विदादने सगळी बंदरं पालथी घातली, इस्पितळांचे उंबरे झिजवले. मी तिच्याबरोबर होते. ते दिवस आठवले की आजही मला अन्न जात नाही.

लोक समजावायला आले. दुरून नमाज पढू, चाळिसाव्याचं जेवण घालू, पोराच्या जिवाला शांती मिळू दे. मबरूकामावशीने सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं.

"मढं दाखवा, मग जेवण घालते."

ईदच्या सकाळी आमच्या बायका कब्रस्तानात जातात. आपापल्या माणसाच्या कबरीवर सुरईने पाणी घालतात, जवळ बसून चार गोष्टी बोलतात. मावशी गेली नाही. सुरई भरून मांडीवर घेतली आणि ओसरीतच बसून राहिली.

"चल ना, उम्मी," विदाद म्हणाली.

"मी कुठे घालू गं पाणी?"

विदाद मला म्हणाली होती, त्या दिवशी तिला स्वतःच्या भावापेक्षा त्या भरलेल्या सुरईचं जास्त रडू आलं.

आणि मग तो मे आला.

मोसमातलं पहिलं उड्डाण होतं. ओंब्यांत दाणा भरत होता. विदादने एकटीनेच पाट्या मांडल्या, ड्रोन वर सोडला. तो ओळीने शेत विंचरल्यासारखा जायला लागला. ओलीत संपलं, कोरडा भाग सुरू झाला. रिमोटच्या पडद्यावर लाल, लाल, लाल...

...आणि मध्येच निळं.

वाटेत कुणीतरी उताणं पडलं होतं. हात पसरून.

विदादला आधी राग आला, सवयीने. "ऊठ रे!" असं ती ओरडलीसुद्धा.

मग तिचा तिलाच आवाज ऐकू आला.

तिने साध्या कॅमेऱ्यावर बघितलं. वाट रिकामी. भेगाळलेली माती, बस्स. पुन्हा उष्णतेचं चित्र लावलं.

तो होता... डावा पाय बाहेर पडलेला.

ड्रोन तिथेच थांबवून ती धावत सुटली. वाटेत काही नव्हतं. गोणपाट नाही, पावलं नाहीत. फक्त एक गोष्ट तिला खटकली. मे महिन्यात त्या शेतावर चंडोल पक्षी नुसता कालवा करतात. तिथे एकही ओरडत नव्हता. चार वाफे सोडून पलीकडे ओरडत होते.

तिथे नाही.

त्या कॅमेऱ्याची एक सोय आहे. चित्रावर बोट ठेवलं की त्या जागेची उष्णता कळते. विदादने त्या निळ्या छातीवर बोट ठेवलं.

जिवंत माणसाच्या अंगाची असते, तेवढी.

तिने मला फोन केला. ती हसत होती, रडत होती, मला आधी काही कळेचना.

"सलवा, तो आहे गं! गरम आहे! कुठेतरी आहे, जिवंत आहे!"

"अगं, कॅमेरा बिघडला असेल."

"बिघडू दे! असाच बिघडू दे!"

आईला मात्र तिने सांगितलं नाही. खात्री झाल्यावर सांगू म्हणाली. त्या रात्री घरी तिने इतका वेळ गाणी म्हणत भाकऱ्या भाजल्या, की मावशीने विचारलं, "लग्न ठरवून आलीस की काय कुठे?"

पुढच्या उड्डाणाला तो पुन्हा तिथेच होता. तसाच, उताणा.

विदादने बोट ठेवलं.

जरासा गार झाला होता.

तिने स्वतःला समजावलं, वारा असेल. त्यानंतरच्या वेळी आणखी गार. मग आणखी. रंग फिका निळा होता तो गडद होत चालला. केंद्राचे प्रमुख नाजीसाहेब, त्यांनी चित्र बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि कॅमेरा राजधानीला तपासायला पाठवला. तो परत आला, ठणठणीत आहे असा निरोप घेऊन.

साहेब म्हणाले, "तेवढा तुकडा चित्रातून कापून टाक आणि कामाला लाग."

विदादने कापला नाही. तिचा हातच चालेना.

एका उड्डाणानंतर ड्रोन उतरला, पंखे थांबले आणि शेत शांत झालं. तेव्हा खमीसकाका मान वळवून ऐकायला लागले.

"पोरी, पाइप फुटलाय कुठेतरी."

"कुठे?"

"ऐक ना."

तिने ऐकलं.

छप... छप...

हळू, एका लयीत. काहीतरी पाण्यावर डुलत असावं तसं. आवाज कोरड्या भागातून येत होता. तिथे तर पाइपच नाहीत. काका काठी घेऊन शोधायला निघाले, वाफ्यांच्या कडेपर्यंत गेले आणि उभेच राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या ओठांना कोरड पडली होती.

"माझ्या जोड्यांत बघ," म्हणाले.

जोडे कोरडे होते. "बघितलं, काका. काही नाही."

"मग पाय ओले का लागतायत मला?"

त्या दिवशी विदादने मोबाइलवर एकच गोष्ट शोधली. मे महिन्यात आपला समुद्र किती गार असतो. मग चित्रावर पुन्हा बोट ठेवलं.

दोन्ही सारखं होतं.

त्यानंतर तो गार व्हायचा थांबला. आणखी गार व्हायला जागाच उरली नव्हती.

विदाद रात्रभर अंथरुणात तोंड खुपसून रडली. आशा लागली नसती तर एवढं लागलं नसतं. ती मला म्हणाली, "सलवा, मी त्याला मरताना बघितलं गं. एकेका चित्रात थोडा थोडा." मी उजाडेपर्यंत फोन ठेवला नाही.

सकाळी ती लॅपटॉप उघडा ठेवून तोंड धुवायला गेली. परत आली तर मबरूकामावशी पुदिन्याच्या चहाचा पेला हातात धरून पडद्यासमोर उभी होती. मावशीला अक्षर वाचता येत नाही. पण तिथे अक्षर कुठे होतं?

"हा रमझी आहे," मावशी म्हणाली.

विदादने पडदा मिटायला हात पुढे केला.

"पाय बघ. हा रमझीच आहे. कधीचं आहे हे?"

खोटं बोलता आलं असतं. गेल्या वर्षीचं आहे म्हणाली असती तर संपलं असतं. पण आईचा चेहरा बघून तिचा धीर सुटला आणि तिने सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसाची ऊब, मग गार होत जाणं, तो आवाज, चंडोल, सगळं.

मावशी रडली नाही. पेला खाली ठेवला आणि पडद्याच्या जवळ गेली.

"उताणा आहे," म्हणाली.

"हो, तो असाच पडायचा ना तिथे..."

"विदाद, उताणा आहे तो. त्याला कुणी वळवलंच नाही."

तेव्हा विदादच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्यात माणसाला पुरताना उजव्या कुशीवर निजवतात, तोंड मक्केतल्या काब्याकडे करून. गरीब असो, श्रीमंत असो, एवढं तरी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. तिचा रमझी उताणाच होता. आजतागायत त्याला कुणी हात लावला नव्हता.

"लहानपणी उताणा झोपला की घोरायचा," मावशी म्हणाली. "मी उठून त्याला कुशीवर करायचे. मग गप व्हायचा. किती वाजता जातेस तू शेतावर?"

"उम्मी, तिथे काही नाहीये. रिकामी माती आहे नुसती."

"मी विचारलं किती वाजता."

मावशीने सुरई भरली. त्यात नारिंगाच्या फुलांचं अत्तरपाणी घातलं. पांढरी चादर अंगावर लपेटली आणि लेकीच्या मागून निघाली.

फाटकावर खमीसकाका आडवे आले. सुरई बघूनच त्यांना कळलं.

"मबरूका, ते बायकांचं काम नाही. माती द्यायला बायका जात नाहीत."

"पुरुषांचं काम ना? मग पुरुष कुठे होते? कुणी दिली माझ्या पोराला माती?"

काका बाजूला झाले.

विदादने ड्रोन वर सोडला. त्या दिवशी तिने ओळी सोडल्या, ठरलेलं उड्डाण सोडलं, सरळ त्या वाटेवर नेऊन उभा केला. मावशी कोरड्या भागात शिरली. मावशीला तर काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त विदादला, हातातल्या पडद्यावर. लाल शेत, त्यात चालत जाणारी फिकी निळी आई...

...आणि पुढे तो. गडद निळा, उताणा.

"उम्मी, सरळ ये," विदाद ओरडली. "अजून पुढे. जरा डावीकडे... थांब. आता तू त्याच्या खांद्याशी आहेस."

मावशी गुडघ्यांवर बसली.

"डोकं कुठाय?"

"तुझ्या उजव्या हाताला. हात खाली घे. अजून खाली."

पडद्यावर आईचा हात त्याच्या कपाळाला लागला. विदादला वाटलं आता सगळं नाहीसं होईल.

झालं नाही.

मावशीचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ती हळूच म्हणाली, "किती गारठलाय गं हा."

खमीसकाकांनी दुआसाठी दोन्ही हात उचलले.

"एक हात खांद्याखाली घाल, उम्मी. दुसरा कमरेला. हो, तिथेच."

आणि ती म्हातारी बाई, रिकाम्या वाटेवर, मातीत हात खुपसून, काहीतरी उचलायला लागली. तिच्या मानेच्या शिरा ताठल्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, उन्हाने वेड लागलं.

"जड आहे गं... मोठा झालाय. चल बाळा, वळ. वळ माझ्या राजा, मग घोरणार नाहीस."

विदाद पडद्याकडे बघत होती. तिने मला शपथेवर सांगितलंय, आणि तिने आजवर माझ्याशी कधी खोटी शपथ घेतलेली नाही.

आधी पसरलेला हात आत आला...

मग खांदा उचलला गेला...

मग तो वळला. झोपेतलं मूल वळतं तसा, सगळा एकदम. उजव्या कुशीवर. तोंड काब्याकडे.

"झालं का?" मावशीने विचारलं. "विदाद, झालं का गं?"

"झालं, उम्मी."

मावशीने ओंजळी भरभरून माती सरकवली. मग सुरई उचलली आणि खांद्यापासून पायापर्यंत सावकाश पाणी घातलं. कोरड्या भागात. जिथे चूळ भरली म्हणून काकांना शिव्या बसल्या होत्या तिथे. विदादने स्वतःच्या वर्षभराच्या कामावर पाणी पडताना बघितलं आणि तिला काहीच वाटलं नाही. काका तोंडातल्या तोंडात कुराणातल्या आयता म्हणत होते. पडद्यावरचा निळा रंग विरत विरत गेला. त्या मातीतून वास मात्र आला, खारट, ओल्या दोरखंडासारखा. ज्यांनी बंदर बघितलंय त्यांना तो ओळखू येतो.

मग चंडोल ओरडायला लागले.

घरी येऊन मबरूकामावशी पहिल्यांदा मोठ्याने रडली. शेजारणी धावत आल्या. तिने त्यांना बसवून घेतलं आणि म्हणाली, "माझा मुलगा गेला. उद्या जेवायला या." मी राजधानीहून त्याच रात्री निघाले. मोठं पातेलं चढवून कुस्कुस केला, सगळं गाव जेवलं. मावशी पंगतीतून फिरत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि दचकले.

मनगटापर्यंत बर्फ होता नुसता.

"उन्हात बस जरा, मावशी," मी म्हणाले.

"बसले होते," ती म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. आपल्या माणसाला आपण माती दिली, आता जगायचं, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

त्यानंतरच्या उड्डाणाला विदाद गेली. मावशीही आली, वाटेवर पाणी घालायला. आता तिला घालायला जागा होती. विदादने ड्रोन ठरल्याप्रमाणे ओळीने नेला. रमझीची वाट आली. लाल, स्वच्छ लाल. विदादने डोळे पुसले. रडू येत होतं, पण हलकं वाटत होतं.

ड्रोन पुढच्या वाटेवर वळला.

...निळं.

कुणीतरी उताणं.

दोन्ही पाय सरळ होते. रमझी नव्हता.

ड्रोन पुढे गेला. त्याच्या पलीकडच्या वाटेत आणखी एक. मग दोघं जवळजवळ. मग प्रत्येक वाटेत. ओलिताच्या कडेपर्यंत, सगळ्या कोरड्या शेतभर, निळी माणसं उताणी पडलेली. एक बाई होती, तिचे केस पाण्यात पसरावेत तसे पसरलेले. आणि तिच्या काखेशी...

...एवढंसं. वीतभर. तेही उताणंच.

विदादने पडदा छातीशी दाबून धरला. आईला दिसू नये म्हणून.

मावशी तिच्या मागेच उभी होती.

"त्याच्या बोटीतले ना?"

विदादने आईचा दंड धरला, तिला मागे वळवायला.

"त्याला वळवलेलं बघितलं असणार त्यांनी," मावशी म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दारात पाहुणे आल्यासारखं. "आले बिचारे."

"उम्मी, नको. हे आपले नाहीत. आपल्याला माहीतसुद्धा नाहीत कोण ते. घरी चल."

"त्यांच्या आया लांब आहेत गं. त्यांना कुठे ठाऊक, लेकरं इथे पडलीत." तिने सुरई उचलली. "जवळचा कुठला ते सांग. आधी ते लहान. त्याला फार वेळ झालाय."

विदाद सांगायला लागली. सरळ जा. उजवीकडे. थांब. हात खाली घे. काय करणार दुसरं?

मावशीने एका दिवसात एकच वळवायचा, असं ठरवलंय. जास्त झेपत नाही. जड असतात, म्हणते. विदाद नाजीसाहेबांना म्हणाली, कोरडा भाग यंदा हिशोबात धरू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. एकदा दुपारी ते तिच्या मागे उभे राहून पडदा बघून गेले होते. त्यानंतर ते त्या शेताकडे फिरकले नाहीत.

मी गेल्या मे महिन्यात पुन्हा गेले. मावशी खूप थकलीय. गारठा तिच्या कोपरांपर्यंत चढलाय. डॉक्टर म्हणतो रक्त फिरत नाही. तिला विचारलं, थांबशील का, तर म्हणाली, "अजून आहेत." दुपारी सुरई मी धरली आणि तिच्या बरोबर शेतात गेले. खरं सांगते, माझा पूर्ण विश्वास नव्हता. मला वाटत होतं, दुःखाने दोघींची मनं हलली आहेत, आपण फक्त सोबत करायची.

वर ड्रोन गुणगुणत होता. विदाद लांब बांधावर उभी होती. समोर नुसती माती, भेगा, वाळकं गवत. मावशी दोन वाफ्यांमध्ये गुडघे टेकून बसली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. माझ्या लक्षात आलं, चंडोल गप्प आहेत.

"सलवा," विदादने हाक मारली.

मी वर बघितलं. तिचा आवाज अगदी हळुवार होता, कुणी झोपलेलं जागं होऊ नये असा.

"जरा मागे सर ना. त्या मुलीच्या हातावर उभी आहेस तू."

मी मागे सरले.

माझा पाय घोट्यापर्यंत ओला होता... आणि जमीन कोरडी होती.